तुमची पिल्लं का गेली, आणि आता पाच तलंगी कशा सांभाळायच्या

बेळगावातल्या वडगावच्या एका ताईंनी विचारलंय: घराच्या मागं १५ बाय २० फुटांचं परडं आहे. घरात चौघं, दोन मुलं शाळेत जाणारी. घरची ताजी अंडी मिळावीत म्हणून गेल्या पावसाळ्यात गल्लीत सायकलवर आलेल्या माणसाकडून दहा रंगीत पिल्लं घेतली. खोक्यात ठेवली, तांदूळ घातले, पाणी ठेवलं. पंधरा दिवसांत दहाच्या दहा गेली. आता पुन्हा हात घालायचं धाडस होत नाही. चुकलं कुठं, जात कुठली घ्यावी, खायला काय घालावं, रोग कसे टाळावेत, आणि गल्लीत शेजाऱ्यांना त्रास न देता पाच-सहा कोंबड्या पाळता येतात का?

ताई, तुमच्या मनाला लागलं असेल म्हणून हे आधी सांगते. ती पिल्लं जगली असती तरी तुम्हाला बहुधा अंडं मिळालं नसतं. अंड्यांच्या जातीची पिल्लं जिथं उबवतात तिथं पहिल्याच दिवशी नर आणि माद्या वेगळ्या करतात. माद्या पोल्ट्रीवाले नेतात. नर अंडी देत नाहीत आणि ब्रॉयलरसारखे भराभर वजनालाही येत नाहीत, म्हणून ते कवडीमोलानं निघतात. गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून गल्लोगल्ली विकायला येतात ती बहुतेक हीच. त्यांना लस दिलेली नसते. आणि आईच्या पंखाखालून काढलेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात अंगाभोवती ३५ अंश ऊब लागते. पुढं दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं. आपल्याकडं जुलैच्या रात्री पारा २०-२१ वर असतो, वरून हवा ओलीचिंब. खोक्यातली पिल्लं ऊब शोधत एकमेकांवर चढतात. खालची गुदमरतात, वरची गारठतात. त्यात नुसते तांदूळ. तांदळात प्रथिनं ७ टक्क्यांच्या आसपास, आणि वाढत्या पिल्लाला लागतात २० टक्के. ऊब नाही, लस नाही, खाणं अर्धं, अशा तिन्ही गोष्टी एकदम आल्या.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात सव्वीस वर्षं कोंबड्या पाळते आहे, आणि गावात लस टोचायलाही मीच जाते. माझं म्हणणं असं की यावेळी पिल्लं आणूच नका. अडीच-तीन महिन्यांच्या तलंगी, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणा. त्यांना वेगळी ऊब लागत नाही, लहानपणच्या लसी झालेल्या असतात, आणि दोन-अडीच महिन्यांत अंड्यावर येतात. पिल्लापेक्षा महाग पडतात हे खरं. पण मेलेल्या दहा पिल्लांपेक्षा जगलेल्या पाच तलंगी स्वस्तच. आणि आणायच्या त्या दसऱ्यानंतर. आत्ता श्रावण चालू आहे. मधल्या दोन महिन्यांत खुराडं नीट बांधून घ्या, कारण सगळं तिथंच ठरतं.

जातीचं आधी सांगून टाकते, कारण सगळे तेच पहिल्यांदा विचारतात. गावठी कोंबडी, जिला आपण जवारी म्हणतो, ती १२-१५ अंडी घालते आणि खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. असे वर्षात तीन-चार फेर. म्हणजे वर्षाला ४०-६० अंडी. ती काटक, हुशार, घार दिसली की झुडपात शिरणारी, आणि पिल्लं वाढवायला तिच्यासारखी आई नाही. पण चौघांच्या घराला रोज अंडी पुरवणं तिच्या पाच जणींकडून होणार नाही. बेंगळूरच्या हेब्बाळ पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेल्या दोन जाती आपल्याकडं चांगल्या रुळल्या आहेत. गिरिराज अंगानं भारदस्त, वर्षाला १३० ते १५० अंडी. स्वर्णधारा थोडी हलकी, १८० ते १९०. हैदराबादची ग्रामप्रिया नीट सांभाळली तर २०० च्या वर जाते. हे आकडे पोटभर चांगलं खाद्य आणि वेळेवर लस धरून आहेत. नुसत्या उकिरड्यावर सोडल्या तर निम्मेही नाहीत. तुमच्यासाठी मी पाच स्वर्णधारा किंवा पाच ग्रामप्रिया सुचवेन. एकाच वयाच्या आणि एकाच कळपातल्या घ्या. वेगवेगळ्या ठिकाणच्या आणल्या तर महिनाभर टोचाटोची चालते, आणि सगळ्यात दुबळी असते तिचं डोकं सोलून निघतं.

मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टीची कृषी विज्ञान केंद्रं किंवा तालुक्याचा पशुदवाखाना, इथं चौकशी केली की जवळपास तलंगी वाढवून विकणारं कोण आहे ते समजतं. घेताना पक्षी हातात घ्या. डोळे पाणी गळणारे नकोत, चमकदार हवेत. शेपटीखालची पिसं विष्ठेनं माखलेली नकोत. छातीच्या हाडाला दोन्हीकडून मांस लागलं पाहिजे, हाड सुरीसारखं हाताला टोचलं तर ती तलंग खाली ठेवा. कुठली लस केव्हा दिली ते विचारा. विकणाऱ्याला ते सांगता आलं नाही तर दुसरीकडं बघा.

आता खुराडं. सव्वीस वर्षांत मी जेवढ्या कोंबड्या मेलेल्या बघितल्या, त्यातल्या उपाशी फार थोड्या मेल्या. बहुतेक ओलीनं नाहीतर रात्रीच्या शिकारीनं गेल्या. आपला भाग कणकुंबीपासून अथणीपर्यंत पसरलेला. कणकुंबीत जूनला लागलेली झड सप्टेंबरपर्यंत हलत नाही आणि अथणीत एप्रिलमध्ये पत्रा तापून हात भाजतो. एकाच जिल्ह्यात खुराडं दोन तऱ्हांनी बांधावं लागतं. तुमचं वडगाव मधलं, तरी पावसाच्या बाजूला झुकलेलं. म्हणून पावसाचाच विचार करून बांधा.

पाच कोंबड्यांना ४ बाय ४ फुटांचं खुराडं पुष्कळ झालं. रात्री एका कोंबडीला दीड-दोन चौरस फूट पुरतात, तुमच्याकडं तीन येतात. जमिनीपासून अडीच फूट उंच, चार पायांवर उभं करा, म्हणजे खालून ओल चढत नाही, घूस पोखरत नाही आणि खालची जागा झाडता येते. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. त्या बाजूची भिंत फळ्यांनी किंवा पत्र्यानं पूर्ण बंद हवी, दक्षिणेची खालून अर्धी. पूर्वेची बाजू जाळीची ठेवा, सकाळचं ऊन आत आलं पाहिजे. पत्रा भिंतीच्या बाहेर दोन फूट काढा. बहुतेकजण पत्रा भिंतीबरोबर कापतात आणि मग पहिल्या मोठ्या पावसात आत झारीसारखं पाणी येतं. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेडच घ्या. षटकोनी भोकांची पातळ जाळी स्वस्त मिळते, पण कुत्रं दातानं ओढून फाडतं आणि मुंगूस तिच्यातून तोंड घालतं. थंडी वाजेल म्हणून वरची झडप बंद करू नका. मोठ्या कोंबडीला थंडी सोसते, कोंडलेली दमट हवा सोसत नाही.

पावसाळ्यात मी तळाला लाकडी पट्ट्या बसवते, मध्ये अर्ध्या इंचाची फट आणि खालून जाळी. विष्ठा खाली पडते, पाय कोरडे राहतात. दिवाळीनंतर त्यावर गोणपाट अंथरून तीन-चार इंच भाताचं तूस घालते. तूस कोरडं आहे का हे बघायची रीत सोपी आहे. मूठभर घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर सुटं झालं तर ठीक, लाडू वळला तर बदलायची वेळ झाली. आणि रोज सकाळी एकदा खाली बसून, नाक कोंबडीच्या उंचीवर नेऊन वास घ्या. डोळे चुरचुरले तर तुमच्या आधी कोंबडीची छाती भरली आहे असं समजा. उभ्यानं तो वास कळत नाही.

बसायला दोन इंच जाडीची गोल काठी दीड-दोन फूट उंचीवर लावा, एका कोंबडीमागं आठ इंच लांबी. अंडी घालायची पेटी १२ इंच लांब-रुंद-उंच, पाच जणींना एक पुरेल, पण दोन ठेवा. तेलाचा डबा आडवा कापून, कडा वळवून, आत भाताची पिंजर घातली तरी चालतं. पेटी काठीपेक्षा खाली हवी. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा धरते. पेटी वर असली की ती पेटीतच झोपते आणि सकाळी अंडी घाणीत मिळतात.

दिवसा मुंगूस येतं, रात्री बोका आणि रानमांजर, अंड्यांसाठी साप. माझ्या सासूबाई दिवे लागायच्या वेळी कोंबड्या मोजून दार लावायच्या आणि बाहेरगावी गेल्या तरी पहिला निरोप तोच असायचा, कोंबड्या मोजल्या का. कडी अशी बसवा की पंजानं उचलली जाणार नाही. खुराड्यापुढं परड्याचा निम्मा भाग जाळीनं वेगळा करा, तुमची भाजी वाचेल. तो निम्मा भागही मधून दोन करून पंधरा-पंधरा दिवस आलटून पालटून वापरला तर गवत परत येतं आणि जंतांचा जोर कमी होतो. जाळी साडेपाच फूट उंच. उडून जाणाऱ्या कोंबडीच्या एकाच पंखाची लांब पिसं कापा. तिला दुखत नाही, फक्त तोल जातो.

ओलीबद्दल एवढं बोलते त्याचं कारण रक्ती हगवण. तिचे सूक्ष्म जंतू विष्ठेतून बाहेर पडतात आणि कोरड्या जागेत त्यांचं फारसं काही चालत नाही. ओल आणि ऊब मिळाली की दोन दिवसांत ते पसरायला तयार होतात. तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतच्या पक्ष्यांना जास्त धोका. पंख खाली सोडून, मान आत घेऊन, डोळे मिटून एका कोपऱ्यात उभी राहिलेली तलंग आणि लालसर विष्ठा दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून पाण्यातून द्यायचं औषध आणा. उद्यावर टाकलं तर उद्या ती पाणीही पीत नाही. हळद, लसूण, कडुलिंब मीही घालते. पण या दोन आजारांत, रक्ती हगवण आणि मानमोडी, घरच्या औषधावर विसंबून राहू नका.

मानमोडी म्हणजे रानीखेत. पशुदवाखान्यातली पाटी कन्नडमध्ये असेल तर ‘कोक्करे रोग’ हे शब्द शोधा, तेच हे. याला औषध नाही, फक्त लस आहे. एक वर्ष मी लस टाळली होती. आधीची दोन वर्षं काही झालं नव्हतं, कामाचा रगाडा होता, राहून गेलं. त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात लक्ष्मी यात्रा होती. यात्रेला सगळीकडून पाहुणे येतात, कोंबड्याही सगळीकडून येतात. आमच्याकडं जेवणासाठी आणलेली एक कोंबडी दोन दिवस परड्यात बांधून ठेवली होती. पाचव्या दिवशी माझ्या कोंबड्यांना हिरवट पातळ हगवण लागली, मग माना वाकड्या होऊन त्या गोल फिरायला लागल्या. ४२ पक्षी होते. नऊ दिवसांत ४ राहिले. त्यातली एक सासूबाईंनी स्वतः बसवलेल्या शेवटच्या अंड्यांतली होती, म्हणून ते नऊ दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. तेव्हापासून फाल्गुन लागायच्या आत लस झालीच पाहिजे असा माझा नेम आहे, आणि बाहेरून आलेला पक्षी, मग तो पाहुण्याचा असो की बाजारातला, पंधरा दिवस माझ्या कोंबड्यांच्या जवळ येत नाही.

लसीचा क्रम असा: पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना लासोटा या मानमोडीच्याच लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, १४ दिवसांच्या आसपास गंबोरो रोगाची, २८ व्या दिवशी पुन्हा लासोटा, सहा आठवड्यांच्या पुढं देवीची, आणि ८ ते १० आठवड्यांच्या वयात मानमोडीची आर-टू-बी सुई, अर्धा मिली, पंखाजवळ कातडीखाली. ही शेवटची सुई तुमच्या तलंगींना झाली आहे का ते घेतानाच विचारा. नसेल तर घरी आणून आठवडाभर रुळू द्या आणि मग टोचा. पुढं वर्षातून एकदा तरी द्यायची. यात्रांच्या आमच्या भागात मी दर सहा महिन्यांनी देते. सुईच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून जंताचं औषध दिलं तर लस चांगली लागते. आजारी पक्ष्याला टोचू नका. देवी डासांमधून पसरते, तुऱ्यावर आणि डोळ्याभोवती खपल्या येतात. आपल्या पावसाळ्यात ती लस सोडू नये.

यात एक अडचण येते. लसीची बाटली शंभर पक्ष्यांची असते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कोण आणणार, म्हणून घरोघरी राहून जातं. आमच्या गावात आम्ही बायकांनी दिवस ठरवून घेतलाय. आदल्या रात्री सगळ्यांच्या कोंबड्या डालग्याखाली, पहाटे मी थर्मासमध्ये बर्फात बाटली घेऊन निघते आणि ऊन चढायच्या आत वीस घरं होतात. वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांतही कोंबड्या पाळणारी दहा-बारा घरं सहज निघतील. त्यांना आधी गाठा. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. पिशवीत टाकून बसनं आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी टोचणं. कधी एकाएकी तीन-चार पक्षी पटापट मेले तर ते खाऊ नका, नाल्यात टाकू नका, १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर कळवा. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. औषध चालू असलेल्या कोंबडीची अंडी किती दिवस खायची नाहीत ते डॉक्टरांकडून विचारून घ्या, विशेषतः घरात लहान मुलं असताना.

खाद्याचा हिशोब आता मांडू. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते. वर्षाला ४० किलो. २०० अंडी धरली तर एका अंड्यामागं २०० ग्रॅम खाद्य. तुमच्या दुकानातला लेअर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या, खाद्याचा भाव यात घालून बघा, घरचं अंडं केवढ्याला पडतं ते कळेल. बाजारच्या अंड्यापेक्षा फार स्वस्त पडेल अशी आशा धरू नका. स्वयंपाकघरातला भाजीपाला आणि परड्यातले किडे मिळून एक चतुर्थांश खाणं निघालं तर मात्र हिशोब तुमच्या बाजूनं वळतो.

घरी मिसळायचं असेल तर मी १० किलोला असं धरते: ५ किलो भरडलेला मका किंवा जोंधळा, दीड किलो तांदळाचा कोंडा, अडीच किलो शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड, अर्धा किलो सुकी मासळी कुटून, अर्धा किलो शिंपल्यांचा चुरा आणि खनिज मिश्रण. मिठाची चिमूट मासळी खारी नसेल तरच. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात आणि नुसता जोंधळा-तांदूळ घालून ती कधीच भरत नाहीत. ‘कोंबड्या जाड झाल्यात पण अंडी नाहीत’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकींच्या घरी हेच असतं. पावसाळ्यात पेंड आणि मका फार जपा. बुरशीचा हिरवट-काळा ठिपका किंवा कुबट वास आला तर तो भाग निवडून उरलेलं घालू नका, पूर्ण टाका. ती बुरशी यकृत खाते, आणि धुऊन-वाळवून विष जात नाही.

शिंपल्यांचं महत्त्व जास्त आहे. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. अंडं पोटात तयार व्हायला २५ तासांच्या आसपास लागतात, त्यातले २० तास कवचाचे, आणि ते काम मुख्यतः रात्री चालतं. तेव्हा पोटात चुना नसला तर कोंबडी तो स्वतःच्या हाडांतून काढते. पातळ कवचाची अंडी दोन-चार आठवडे दिसली की समजा हाडं पोखरली जाताहेत. आपल्याकडं गोव्याकडच्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, येतात. जेवण झालं की शिंपल्या धुऊन, भाजून, उखळात गव्हाएवढ्या कुटा आणि दुपारनंतर वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवं ती खाते. अंड्यांची कवचंही चालतात, पण भाजून पूर्ण चुरा करून. अर्धी कवचं टाकली तर कोंबड्या ओळखतात आणि पेटीतली अंडी फोडून खायला शिकतात. ती खोड लागली की मोडणं कठीण.

पाला रोज द्या. शेवगा, कोथिंबिरीची देठं, मेथी, कोबीची वरची पानं. बलक पिवळाधमक होतो तो पाल्यानं आणि पिवळ्या मक्यानं. तपकिरी कवच म्हणजे अधिक सत्त्व असं मात्र नाही, तो जातीचा रंग. मुलांना एक काम द्या: मडक्यात शेणकूट, पिंजर आणि ओलं गोणपाट भरून परड्याच्या कोपऱ्यात मातीवर पालथं घाला. दोन-तीन दिवसांत वाळवी भरते. ती कोंबड्यांपुढं झटकली की काय होतं ते मुलं विसरणार नाहीत, आणि त्यापेक्षा चांगलं प्रथिन विकत मिळत नाही. घराजवळ लाकडी सामान असेल तर मडकं लांब ठेवा. लोणच्याचा खार, खारट आमटी, हिरवट बटाट्याची सालं, आंबलेला भात घालू नका.

पाणी कोंबडीमागं पाव लिटर, मे महिन्यात त्याच्या दुप्पट. दिवसात दोनदा बदला. उन्हाळ्यात कोंबडी तोंड उघडून धापा टाकते, त्या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड जातो आणि कवचाला लागणारा मालच कमी पडतो. म्हणून मे महिन्यातली अंडी पातळ कवचाची. पत्र्यावर पिंजर टाकून दुपारी पाणी मारा आणि खाद्य पहाटे व संध्याकाळी घाला.

अंडी बंद झाली की लोक लगेच औषध शोधतात. आधी महिना बघा. कोंबडीला अंड्यासाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडं डिसेंबरचा दिवस ११ तासांहून थोडा मोठा, जूनचा १३ तासांचा. थंडीत अंडी कमी होणारच. पहाटे चारला एक साधा दिवा लावला तर फरक पडतो, पण रोज त्याच वेळी, मध्येच बंद केला तर उलटं होतं. मग पिसं बघा. वर्षातून एकदा जुनी पिसं गळून नवी येतात, त्याला दोन-तीन महिने लागतात आणि तेवढ्यात अंडी नसतात. पिसं म्हणजे प्रथिनच, तेव्हा त्या काळात खाणं कमी करू नका. पिसांच्या मुळाशी बोटं घालून उवाही शोधा. रात्री बॅटरी घेऊन काठीच्या खाचा बघा. तांबड्या बारीक किडी दिवसा तिथं लपतात, रात्री रक्त पितात. काठी उकळत्या पाण्यानं धुवा आणि परड्यात एक पाटी कोरडी माती व चुलीची राख कायम ठेवा, कोंबड्या तिच्यात स्वतः लोळतात. अंडी कोण देतेय हे कळत नसेल तर शेपटीखाली दोन हाडांमध्ये बोटं लावून बघा. देणारीला दोन-तीन बोटं मावतात, न देणारीला जेमतेम एक.

सुधारित जातींत खुडूक कमी होतात, पण एखादी होते. पेटी सोडत नाही, हात लावला की फुगते. तिला पाण्यात बुडवणं, नाकात पीस घालणं मी कोणाला करू देत नाही. तळाला जाळी असलेल्या उघड्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस खाणं-पाणी देऊन ठेवा. पोटाखालून वारा लागला की ती परत कळपात मिसळते. पिल्लं काढायचीच असतील तर ती पुढच्या वर्षाची गोष्ट. तेव्हा ओळखीच्या घरून कोंबडा असलेल्या कळपातली ताजी १०-१२ अंडी आणून जवारी खुडुकीखाली घाला, सातव्या रात्री बॅटरीवर धरून शिरा दिसतात का बघा, २१ व्या दिवशी कान लावा. मेघांच्या गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून सासूबाई डालग्यात लोखंडी खिळा ठेवायच्या. मीही ठेवते, त्यांच्या आठवणीसाठी.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. कोंबड्या त्याच्याशिवायही तेवढीच अंडी देतात, फक्त त्यातून पिल्लं होत नाहीत. गल्लीत पहाटे चारला आरवणारा कोंबडा नको, म्हणून शेजाऱ्यांचा अर्धा प्रश्न तिथंच मिटतो. उरलेला अर्धा वासाचा, तो कोरड्या तुसानं मिटतो. रोजची विष्ठा खड्ड्यात पाल्याबरोबर टाकून दोन-तीन महिने कुजवा, ताजी घातली तर झाडं जळतात. आणि पहिल्या महिन्यात दोन्ही शेजारच्या घरी चार-चार अंडी पोचवा. अंडी धुऊ नका, कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं. कोरड्या फडक्यानं पुसा, निमुळतं टोक खाली करून ठेवा. आठ-दहा दिवस बाहेर टिकतात.

दोन-अडीच वर्षांनी अंडी उतरतील, तेव्हा काय करायचं ते घरात आधीच ठरवा. मुलांनी नावं ठेवलेली कोंबडी एक दिवस ताटात येणं काही घरांना चालतं, काहींना नाही. मी दर वर्षी दोन नव्या तलंगी घेते आणि दोन जुन्या जवारी कोंबड्या तशाच मरेपर्यंत ठेवते, कळपाला वाट दाखवायला.

तलंगी आणायला जाल तेव्हा पाटी किंवा झाकणाला भोकं असलेलं खोकं न्या. पाय बांधून, उलट्या लटकवून आणू नका, त्या धसक्यानं आठ-आठ दिवस खात नाहीत. ऊन उतरल्यावर आणा. घरी आल्यावर पाण्यात गुळाचा एक खडा विरघळवून प्यायला ठेवा आणि अंधार पडला की एकेक उचलून खुराड्यातल्या काठीवर बसवा. चार दिवस परड्यात सोडू नका, आतच खाणं-पाणी द्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागायच्या तासभर आधी दार उघडा. फार लांब जाणार नाहीत आणि अंधार पडताना आपणहून आत येतील. मुलांना तेव्हा दारात उभं करून मोजायला सांगा.